रोम-पॅरिसच्या रस्त्यांवर उपरे न दिसण्यासाठी

“तिथे आपल्याला कोण ओळखतंय!” युरोपच्या सहलीची बॅग भरताना हे वाक्य मराठी घरात हमखास कानावर पडतं. मग लक्ष्मी रोडवर कधी बर्म्युडा घालून न फिरलेले काका रोमसाठी खास दोन बर्म्युडा घेतात. ऑफिसला रोज इस्त्रीचा कुर्ता घालून जाणारी ताई सहलीसाठी भडक ट्रॅकपँट आणि छातीवर चमकीने ‘पॅरिस’ लिहिलेला टी-शर्ट काढते. ओळखणारं तिथे कोणी नसतं हे खरंच, पण बघणारे पुष्कळ असतात. चर्चच्या दारातला रखवालदार बघतो, कॅफेतला वेटर बघतो, गर्दीच्या बसमध्ये दारापाशी उभा असलेला पाकीटमारही बघतो. आपण तोंड उघडण्याआधीच आपल्याशी कसं वागायचं हे यातल्या प्रत्येकाच्या मनात ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवायला त्यांच्यासमोर आपल्या कपड्यांखेरीज फारसं काही नसतं. म्हणून कपड्यांचा विचार तिकीट आणि व्हिसाइतक्याच गांभीर्याने करावा, असं माझं मत आहे.

त्यावर एक शंका नेहमी येते. चेहऱ्यावरूनच आपण भारतीय असल्याचं कळतं, मग कपड्यांनी काय फरक पडणार? पण भारतीय चेहरा म्हणजे पर्यटक, असं समीकरण युरोपातल्या शहरांत केव्हाच उरलेलं नाही. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबी कुटुंबं वर्षानुवर्षं काम करत आहेत. पॅरिसला गार द्यू नॉर स्टेशनजवळच्या ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळांची दुकानं ओळीने आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं आहे. म्हणजे आपल्यासारखा दिसणारा, पण तिथलाच रहिवासी असलेला माणूस तिथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. आपल्याला डोळ्यांसमोर ठेवायचा आहे तो हाच माणूस. गोऱ्या माणसाचं सोंग आणायचं नाही. म्युनिकला नोकरी करणारा आपला भाचा शनिवारी सकाळी भाजी आणायला जाताना काय घालतो, एवढं नजरेपुढे आणलं तरी निम्मं काम होतं. साधी गडद जीन्स, एकरंगी टी-शर्ट किंवा शर्ट, वर पातळ जॅकेट, पायात स्वच्छ बूट.

बूट सगळ्यात शेवटी लिहिला, पण लक्ष सगळ्यात आधी त्याच्याकडे द्यावं. युरोपात पायी चालणं किती होतं याचा अंदाज घरी बसून येत नाही. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. दोन ठोकळ्यांमध्ये फटी असतात आणि पाऊस पडला की वरचा भाग निसरडा होतो. त्यावर टाचेचे बूट म्हणजे घोटा मुरगळून घेणं. ग्रीसमध्ये तर २००९ पासून प्राचीन अवशेषांच्या ठिकाणी टाचेच्या पादत्राणांना बंदीच आहे, कारण टाचांमुळे संगमरवराला इजा होते. म्हणून आपल्याकडचे बहुतेक लोक धावण्याचे बूट घेतात. चालायला ते उत्तमच असतात. अडचण असते ती पोपटी, नारिंगी आणि गुलाबी पट्ट्यांची. हे बूट शंभर फुटांवरूनही ‘सहलीला आलोय’ असं सांगतात. तोच आराम पांढऱ्या, काळ्या किंवा तपकिरी रंगाच्या साध्या स्नीकर्समध्ये मिळतो आणि पॅरिसपासून मिलानपर्यंत सगळ्या वयाचे लोक तेच घालून फिरतात. वरचा भाग चामड्यासारखा, सोल जाड आणि पकड असलेला, असे बघून घ्या. निघण्याच्या तीन आठवडे आधी ते रोज घालून चाला, म्हणजे टाचेला फोड यायचा तो घरीच येऊन जाईल.

इथे कोल्हापुरीबद्दलही सांगायला हवं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इटलीत चामड्याच्या सपाट चपला बायका सर्रास घालतात, त्यामुळे आपली कोल्हापुरी तिथे मुळीच विजोड दिसत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर त्यांचं मूळ भारतीय कारागिरीत असल्याचं मान्य केलं, हे आपण सगळ्यांनी वाचलंच. तेव्हा जेवायला बाहेर पडताना कोल्हापुरी जरूर घाला. दिवसभराच्या पायपिटीला मात्र ती नको, चामड्याचा तळ ओल्या दगडावर सटकतो. रबरी स्लिपर हॉटेलच्या खोलीत आणि समुद्रकिनाऱ्यावरच ठीक.

रंगांच्या बाबतीत आपली आणि त्यांची आवड खरोखरच वेगळी आहे. पॅरिसच्या मेट्रोच्या डब्यात नजर फिरवली तर काळा, गडद निळा, राखाडी, बदामी, एवढेच रंग बहुतेक अंगांवर दिसतात. आपल्याला ते निस्तेज वाटतात. पण त्या डब्यात जांभळा ट्रॅकसूट किंवा मोठ्या फुलांचा छापील कुर्ता आला की सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात, हेही तितकंच खरं. यासाठी नवे कपडे घ्यायची गरज नाही. आपल्याच कपाटातली काळी किंवा नेव्ही ब्लू पँट, पांढरा शर्ट, एकरंगी सुती कुर्ता बाहेर काढा. गुडघ्याच्या वर थांबणारा साधा कुर्ता जीन्सवर घातला की तो तिथे ट्युनिक म्हणून सहज खपून जातो. जुलैच्या रोममध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो. तेव्हा आपले खादीचे, लिननचे आणि मलमलीचे कपडे तर सोन्यासारखे उपयोगी पडतात, कारण तिथले लोकही उन्हाळ्यात लिननच घालतात. पुरुषांनी बर्म्युडाऐवजी पातळ सुती पूर्ण लांबीची पँट घालावी. तरुण मुलं शहरात हाफ पँट घालताना दिसतात, पण पन्नाशीचा इटालियन गृहस्थ कामाच्या दिवशी शहरात फुल पँटमध्येच दिसेल. नीटनेटकेपणाला तिथे फार मान आहे. चुरगळलेला टी-शर्ट घातलेल्या माणसापेक्षा इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाकडे दुकानात आधी लक्ष दिलं जातं, आणि ते काही फक्त इटलीतच होतं असं नाही.

छायाचित्रांचं काय, असा प्रश्न बायकोपासून मुलीपर्यंत सगळ्या विचारतील, आणि तो रास्त आहे. आयफेल टॉवरसमोर राखाडी स्वेटर घालून उभं राहिलं तर फोटो खुलत नाही. त्यासाठी एक गडद लाल किंवा मोरपंखी स्टोल पिशवीत ठेवा. फोटोपुरता खांद्यावर घ्या, नंतर परत घडी घालून ठेवा.

हा स्टोल आणखी एका ठिकाणी तुमचा दिवस वाचवेल. व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स, व्हेनिसचं सेंट मार्क्स, मिलानचा दुओमो, अशा सगळ्या मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. हा नियम बायकांना आहे तसाच पुरुषांनाही. सेंट पीटर्सच्या चौकात उन्हाळ्यात सुरक्षा तपासणीची रांग अर्ध्या गोलाला वळसा घालून जाते. तासभर उन्हात उभं राहून दारापर्यंत पोचायचं आणि तिथे गणवेशातल्या माणसाने नुसतं बोट दाखवून गुडघ्याकडे खूण करायची. तो रागावत नाही, वादही घालत नाही. हातानेच बाजूला व्हायला सांगतो आणि रांग पुढे सरकते. बाजूला झालेल्या घोळक्यात मग घाई सुरू होते. कोणी जॅकेट कमरेला गुंडाळतं, तर कोणी बाहेरच्या फेरीवाल्याकडून दामदुपटीने पातळ ओढणी विकत घेतं. आपल्या बायकांच्या बॅगेत ओढणी असतेच. ती सुटकेसच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवायची, एवढंच लक्षात ठेवा. ती फार झिरझिरीत मात्र नसावी. पुरुषांनी चर्चमध्ये टोपी काढायची. व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्ये मोठ्या सॅकही आत नेऊ देत नाहीत. ग्रीसमध्ये मेटिओराच्या मठांत जाणार असाल तर तिथे बायकांना पँटसुद्धा चालत नाही. लांब स्कर्ट लागतो किंवा दारावर ठेवलेलं कापड पँटवरून गुंडाळावं लागतं. सलवार-कमीजवरही ते गुंडाळायची तयारी ठेवावी.

समुद्राकाठच्या गावांत नियम उलट बाजूने लागू होतात. बार्सिलोनाने २०११ मध्ये किनाऱ्यापासून दूर शहरात पोहण्याच्या कपड्यांत फिरण्यावर दंड लावला. इटलीतल्या सोरेंतोने २०२२ मध्ये तशीच बंदी घातली आणि तिथे दंड ५०० युरोपर्यंत जाऊ शकतो. किनाऱ्यावरून हॉटेलवर परतताना अंगात शर्ट असू द्या.

थंडीचा विषय आपल्यासाठी सगळ्यात अवघड. मुंबईच्या माणसाला १८ अंशांत हुडहुडी भरते. म्हणून मे महिन्यातल्या पॅरिसमध्ये आपली मंडळी गुडघ्यापर्यंतचं फुगीर जॅकेट, हातमोजे आणि माकडटोपी घालून उतरतात, आणि शेजारून जाणाऱ्या बाईच्या अंगात नुसता पातळ कोट असतो. थंडी सोसत राहा असं मी म्हणणार नाही, विशेषतः ज्येष्ठांना तर नाहीच. उपाय असा की उबेची सोय आतून करावी. पातळ थर्मल बनियन आणि लेगिंग, त्यावर शर्ट, त्यावर बारीक विणीचा स्वेटर, वर गडद रंगाचं वारा अडवणारं जॅकेट आणि गळ्यात मफलर. मफलर तिथे बायका-पुरुष दोघंही गुंडाळतात, त्यामुळे गळ्याभोवती कितीही लोकर असली तरी कोणाला वेगळं वाटत नाही. माकडटोपीऐवजी कानावर ओढता येणारी साधी विणलेली टोपी घ्या. दुपारी ऊन पडलं की एकेक थर काढून पिशवीत टाकता येतो, जाड जॅकेट मात्र दिवसभर हातावर वागवावं लागतं. आणखी एक. आपल्याकडे गरम कपडे वर्षभर डांबराच्या गोळ्यांत असतात. तो वास तिथल्या बंद, गरम ठेवलेल्या बसमध्ये आणि रेल्वेच्या डब्यात चांगलाच जाणवतो. निघण्याआधी आठवडाभर जॅकेट आणि स्वेटर गॅलरीत वाऱ्यावर टांगून ठेवा. नंतर स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नका, फोडणीचा वास लोकर फार लवकर धरते.

स्वित्झर्लंडला पोचलात की यातला बराचसा हिशेब बदलतो. इंटरलाकेन किंवा लाउटरब्रुनेनच्या गाडीत तिथलेच सत्तरीचे आजी-आजोबा ट्रेकिंगचे बूट, रंगीत जॅकेट आणि काठ्या घेऊन बसलेले असतात. रोममध्ये विचित्र वाटलं असतं असं लाल जॅकेट इथे अगदी घरचं दिसतं. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि भर उन्हाळ्यातही तिथे बर्फ असतो. त्या दिवशी शोभेचा विचार बाजूला ठेवून हवं तेवढं घाला.

आता पाकीटमारांकडे वळू, कारण मिसळून जाण्याचा खरा फायदा तिथेच होतो. रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनच्या दिशेने जाणारी ६४ नंबरची बस, पॅरिसमध्ये लूव्र आणि शाँझेलिझेवरून जाणारी मेट्रोची १ नंबरची लाइन, बार्सिलोनाची ला रांब्ला, ही ठिकाणं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. पाकीटमार झडप घालत नाही, आधी निवड करतो. गळ्यात बाहेर लोंबणारा पासपोर्टचा पाऊच, पोटावर फुगलेला कमरेचा पाऊच, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून डोकावणारी बाटली, सहल कंपनीने दिलेली एकसारखी टोपी आणि वर इमारतींकडे लागलेले डोळे, एवढं त्याला पुरतं. मेट्रोत ‘पाकीटमारांपासून सावध’ अशी घोषणा झाली की अनेकांचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि पैसे कुठे आहेत हे त्या क्षणी सगळ्या डब्याला कळतं. तुम्ही हात हलवू नका. पासपोर्टचा पाऊच घ्यायचाच तर तो शर्टाच्या आत, अंगालगत राहू द्या. दिवसाच्या खर्चापुरते पैसे आणि एक कार्ड पुढच्या खिशात ठेवा. खांद्यावरून तिरकी घ्यायची, चेन असलेली, गडद रंगाची छोटी पर्स बायकांसाठी उत्तम. तिची चेन शरीराच्या बाजूला वळलेली असावी. आपल्या बाबांची फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायची सवय मात्र निघण्याआधीच मोडायला हवी. वाकलं की फोन पडतो, आणि गर्दीत दोन बोटांनी उचललाही जातो. कंपनीची टोपी आणि पिशवी विमानतळावर गट शोधायला उपयोगाची आहे. शहरात फिरताना ती बॅगेत जाऊ द्या, गटप्रमुख त्याला हरकत घेत नाहीत. पॅरिसमध्ये मॉन्मार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कूर चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटाला दोरा बांधायला येणारे लोकही असेच माणूस बघून पुढे होतात. हात खिशात ठेवून सरळ चालत राहा.

दागिन्यांबद्दल स्पष्टच लिहिते. सोन्याची जाड साखळी, पाटल्या, चार अंगठ्या घरी राहू द्या. मंगळसूत्र काढायची इच्छा नसेल तर काढू नका, बारीक पोतीचं घाला आणि ते गळाबंद कपड्याच्या आत राहील असं बघा. बनावट ब्रँडच्या पर्स आणि पट्टेही नेऊ नका. ज्या शहरात त्या वस्तू खऱ्या बनतात तिथे नक्कल चटकन ओळखू येते. इटलीत फुटपाथवरची बनावट पर्स विकत घेतली तर कायद्याने गिऱ्हाइकालाही दंड होतो.

साडीबद्दल मला विशेष काळजीने लिहायचं आहे, कारण ‘मिसळून जा’ म्हटलं की पहिली गदा साडीवर येते. ज्या आईने किंवा सासूबाईंनी आयुष्यभर साडीच नेसली त्यांना सहलीपुरतं जीन्समध्ये कोंबू नये. अवघडलेलं माणूस कशातही उपरंच दिसतं. सुती किंवा साधी क्रेपची, बारीक काठांची गडद साडी, निऱ्या घोट्याच्या थोड्या वर, पदर पूर्ण पिन केलेला, आत लेगिंग, पायात काळे चालायचे बूट आणि वरून गुडघ्याखाली जाणारा लांब कोट, असा वेष फार शोभतो. लंडनमधल्या मराठी बायका गणपतीच्या कार्यक्रमाहून ट्यूबने परतताना साडीवर असाच कोट घालतात. सरकत्या जिन्यावर मात्र निऱ्या हाताने उचलून धरायच्या, पायरी संपते तिथे साडी अडकण्याचा धोका खरा असतो. आणि एखाद्या संध्याकाळी चांगल्या ठिकाणी जेवायला जाणार असाल तर पैठणी किंवा इरकल नेसाच. त्या वेळी तिथलेही सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले असतात, आणि तिथल्या चालीरीतीला धरूनच तुम्ही नटलेल्या असता. याउलट बेरे टोपी किंवा आल्प्सच्या गावकऱ्यांसारखी पिसाची टोपी घालून शहरात फिरू नये, तिथल्या रोजच्या माणसांच्या डोक्यावर ती जवळजवळ दिसत नाही.

कपडे जमले तरी आवाज सांभाळला नाही तर काही उपयोग नाही. व्हेनिसने २०२४ पासून २५ पेक्षा जास्त लोकांच्या सहल-गटांना आणि ध्वनिक्षेपकांना बंदी घातली, यावरून तिथले रहिवासी किती वैतागले असतील ते समजावं. रेल्वेत या टोकाच्या सीटवरून त्या टोकाला चिवडा हवा का म्हणून हाक मारू नका, उठून जवळ जा. लंडनच्या सरकत्या जिन्यांवर उजवीकडे उभं राहायचं आणि डावी बाजू घाईतल्या लोकांना मोकळी सोडायची. पॅरिसमध्ये दुकानात पाऊल टाकताच आधी ‘बोंजूर’ म्हणायचं आणि मग काय हवं ते विचारायचं. न बोलता वस्तू चाळायला लागलेलं गिऱ्हाईक तिथे उद्धट समजलं जातं. इटलीत त्याच जागी ‘बोंजोर्नो’.

दहा-बारा दिवसांच्या सहलीला दोन गडद पँट, पाच वरचे कपडे, एक स्वेटर, एक जॅकेट, ठेवणीतल्या कपड्यांचा एक जोड आणि बुटांच्या दोन जोड्या पुरतात. सगळे वरचे कपडे दोन्ही पँटवर चालतील असे निवडा. नाण्यावर किंवा कार्डवर चालणाऱ्या धुलाईच्या दुकानांत तासा-दीड तासात कपडे धुऊन वाळवून मिळतात. बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी कॅफेत बसून आपल्या वयाची माणसं काय घालतात ते निवांत बघा. एखादी गोष्ट कमी वाटलीच तर इटलीत ओव्हीएस, फ्रान्समध्ये मोनोप्री, अशा साध्या दुकानांतून घ्या, तिथलेच लोक तिथे खरेदी करतात. फ्रान्समध्ये जूनअखेरीस आणि इटलीत जुलैच्या सुरुवातीला उन्हाळी सेल लागतात, तेव्हा किमती बऱ्याच उतरतात. मापं तेवढी सांभाळा. आपला ८ नंबरचा बूट तिथे साधारण ४२ असतो, आणि बायकांच्या कपड्यांचं फ्रान्समधलं ३८ हे इटलीत ४२ होतं, म्हणून आकड्यावर न जाता घालून बघूनच घ्या.